निळी खूण कोणाची

४ मार्च

ठके,

आशीर्वाद. पाकीट बघून तुझ्या घरमालकीणबाई घाबरल्या असतील तर त्यांना सांग, कोणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे. कागदावर लिहितेय त्याचं कारण असं, की आमच्या चौकशी कमिटीने सगळ्या नर्सेसना बजावलंय, या प्रकरणाबद्दल फोनवर एक अक्षर बोलायचं नाही की लिहायचं नाही. पोस्टाबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही. पोस्ट अजून चालू आहे हे त्यांच्या लक्षातच नसावं.

प्रकरण तुझ्या कंपनीशी जोडलेलं आहे, म्हणून तुलाच विचारतेय. तू मागे एकदा आली होतीस तेव्हा आमचा नवजात बाळांचा वॉर्ड काचेबाहेरून बघितला होतास. दिवस भरायच्या आत आलेली बाळं, प्रत्येक आपापल्या काचेच्या पेटीत, आणि दूध नाकातल्या नळीवाटे. तिथे गेल्या वर्षापासून डॉक्टरांचे निरोप तुमच्या अॅपवरून येतात. पूर्वी चिठ्ठ्या हरवायच्या आणि जिन्यातून आरडाओरडा व्हायचा. आता निरोप कुलूपबंद येतो, वाचला की समोरच्याला निळी खूण दिसते, आणि पाळी संपली की निरोप आपोआप पुसला जातो. पेशंटचं नाव चार तोंडी होत नाही. मला हे आवडलं होतं, आणि माझी भाची तिथे कामाला आहे हे मी बऱ्याच जणांना ऐकवलंही होतं.

गेल्या आठवड्यात दुपारी आमच्या डॉक्टरबाईंनी खाली एक्स-रेच्या खोलीत चार नंबरच्या बाळाचा फोटो बघितला. पोटाचं लक्षण ठीक दिसेना, म्हणून त्यांनी तिथूनच निरोप टाकला की चार नंबरचं दूध लगेच थांबवा. निळी खूण आली. बाई निश्चिंत झाल्या आणि एका अडलेल्या बाळंतपणाला पळाल्या. इकडे दुधाची वेळ झाली आणि दूध दिलं गेलं. संध्याकाळपर्यंत पोट फुगून आलं. पुढचे दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नकोस. पोर चिवट निघाली, आता सावरतेय. तिच्या आईने तक्रार केली आणि ती योग्यच केली. मी तिच्या जागी असते तर हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं.

ती निळी खूण आमच्या एका नर्सच्या नावावर पडलीय. वॉर्डात तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. जिथे पाऊल वाजवायची बंदी तिथेही कुजबुजत असते, पेट्यांमधल्या बाळांशी सुद्धा. ती म्हणते, मी हा निरोप बघितलेलाच नाही. कमिटी म्हणते, मशीन सांगतंय वाचला. नोकरी तर जाईलच, वर नर्स म्हणून नोंदणीही रद्द होईल, म्हणजे पुढे कुठेच उभं राहता येणार नाही. घरात कमावणारी ती एकटी.

मला ती फारशी आवडत नाही, हे आधीच सांगते. दोनदा उशिरा आली तेव्हा मुख्य नर्स म्हणून मी तिला सगळ्यांदेखत झापलंय. पण उशीर झाला की ती बस चुकली असं सांगत नाही, झोप लागली असं सांगते. असं माणूस एवढ्या मोठ्या बाबतीत खोटं बोलेल हे माझ्या मनाला पटत नाही. तू तुमच्या मशीनमध्ये बघ आणि त्या दुपारी निरोप नक्की कोणी उघडला ते मला कळव.

तुझी आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. घरमालकीणबाईंनी पत्र माझ्या हातात देताना खरोखरच आधी माझा चेहरा निरखला. मग पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

तू मागतेस ते मला करता येणार नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतं. मधे आम्ही फक्त पेटी वाहून नेतो. किल्ली आमच्याकडे नाही, आमच्या मालकांकडेही नाही. उद्या कोणी दटावून मागितली तरी देता येऊ नये, म्हणूनच लोक आमच्यावर विश्वास टाकतात. आमच्याकडे उरते ती फक्त खूण: कोणत्या फोनवर, कोणाच्या नावाने, किती वाजता. ती कमिटीकडे आहेच.

आणि आत्या, त्या खुणेबद्दल मी खात्रीने बोलू शकते, कारण ती माझ्याच हातची आहे. या नोकरीत मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते हेच. निरोप नुसता पोचला म्हणून ती येत नाही. तो उघडावा लागतो आणि क्षणभर डोळ्यांसमोर राहावा लागतो. शिवाय तातडीचा निरोप असेल तर कोणी हात लावेपर्यंत फोन वाजतच राहतो. हे मी सुचवलं होतं, निरोप कोणाच्या नजरेतून निसटू नये म्हणून.

तुला राग येईल, पण मशीनला खोटं बोलायचं काही कारण नसतं. कामाच्या धबडग्यात माणूस वाचतो आणि विसरतो. त्यात लबाडी असेलच असं नाही. तू तिला शांतपणे बसवून पुन्हा एकदा विचार. कबूल केलं तर कमिटी कदाचित सौम्यपणे घेईल.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते लगेच पिशवी भरून तुझ्याकडे निघतील.

तुझी,
ठकी


१३ मार्च

ठकूबाई,

तुझं पत्र वाचलं. खूण उमटवायची सोय माझ्या डोळ्यांत नाही, म्हणून लिहून कळवते.

मशीनला खोटं बोलायचं कारण नसतं, म्हणून माणूसच बोलत असणार, हे तू खुर्चीत बसून ठरवलंस. ज्या बाईला तू कधी बघितलेलं नाहीस तिच्यासाठी कबुलीसुद्धा शिवून दिलीस. बरं, तू म्हणालीस म्हणून मी तिला पुन्हा विचारलं. कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून, आवाज न चढवता. ती म्हणाली, "सिस्टर, वाचून विसरले असते तर मला आता झोप लागली असती. मला आठवायला काहीच सापडत नाही, म्हणून मी वेडी व्हायची वेळ आलीय." मग ती गप्प बसली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

किल्ली नसण्याचं तुझं म्हणणं मला पटलं. तसंच असायला हवं. आमच्या वॉर्डातल्या आयांच्या गोष्टी मी कोणाला वाचू देणार नाही, तुलाही नाही. पण मग उरलेल्या त्या एका खुणेवर बाईचं सगळं आयुष्य तोलायचं असेल तर ती खूण कशाने पडते ते मला नीट कळलं पाहिजे. मोठे शब्द नकोत. नवीन पोरीला सुई टोचायला शिकवताना मी जशी सांगते तसं सांग. फोन वाजला, मग हात कुठे, मग बोट कुठे, मग काय. एकही पायरी गाळू नकोस.

कमिटी महिनाअखेरीला बसणार आहे. मी तोवर स्वस्थ बसणार नाही, तूही बसू नकोस.

आत्या


१८ मार्च

प्रिय आत्या,

रागावलीस ते बरोबर आहे. "शिवून दिलीस" हा शब्द चांगलाच लागला. दोन दिवस उत्तर लिहायला घेत होते आणि फाडत होते.

आता पायऱ्या. निरोप आला की फोन वाजतो आणि पडदा उजळतो. तातडीचा असेल तर थांबायचं नाव घेत नाही. पडद्यावर कुठेही स्पर्श झाला की आवाज बंद होतो आणि त्याच स्पर्शाने निरोप उघडतो. एकच काम दोन वेळा करायला लागू नये म्हणून आम्ही ते एकत्र केलं. निरोप उघडा राहिला की क्षणभरात खूण पडते. नाव त्याचं लागतं ज्याने त्या फोनवर आपली ओळख देऊन प्रवेश केला असेल. आमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक नर्सकडे स्वतःचा फोन असतो, त्यामुळे नाव चुकण्याचा प्रश्न येत नाही.

तुमच्याकडे प्रत्येकीला फोन दिलेला आहे ना? आणि तो त्या खिशात ठेवतात ना? हे मी नुसतं खात्री करण्यासाठी विचारतेय.

कंपनीचं लेखी उत्तर तुमच्या कमिटीकडे गेलेलं आहे. त्याबद्दल मला इथे काही लिहिता येणार नाही, तेवढं समजून घे.

तुझी,
ठकी


२३ मार्च

ठके,

बस. पाणी वगैरे पिऊन घे.

प्रत्येकीला फोन? खिशात? अगं, आमच्या वॉर्डात एकच फोन आहे. हॉस्पिटलने वॉर्डागणिक एक घेतला, तेवढ्याचीच मंजुरी होती. तो हात धुवायच्या बेसिनच्या वर, साबणाशेजारच्या फळीवर असतो. खिशात ठेवायचा नाही हा माझाच दंडक, कारण खिशातल्या वस्तू म्हणजे जंतूंची धर्मशाळा. आणि तुमची ती ओळख द्यायची म्हणजे लांबलचक अक्षरं टाईप करायची. ओल्या हातांनी कोण करत बसणार? पाळीवर जी सगळ्यांत आधी येते ती आपल्या नावाने फोन उघडते आणि मग पाळीभर तो तसाच चालतो. त्या दिवशी सगळ्यांत आधी कोण आली होती माहीत आहे? रेडिओ. का? तर आदल्या दिवशी मी उशिरावरून तिची खरडपट्टी काढली होती म्हणून.

हे झालं नावाचं. पण खूण कोणी पाडली हे तरी कळेना. म्हणून काल मी काही काम नसल्यासारखी बेसिनजवळच्या स्टुलावर जाऊन बसले आणि तुझ्या पायऱ्या मनात घोकत नुसतं बघत राहिले. पोरी घाबरल्या. त्यांना वाटलं मी त्यांचे हात मोजतेय.

ठके, त्या खोलीत आवाज म्हणजे शत्रू. मोठा आवाज झाला की इवलीशी पोरं दचकतात, श्वास अडखळतो, पेटीशेजारच्या पडद्यावरचे आकडे खाली जातात. फोन कुईंकुईं करायला लागला की जी व्यक्ती जवळ असेल ती त्याला गप्प करते. हात धुतलेले असतात, त्यांनी कशाला शिवायचं नाही, म्हणून कोपराने. जाता जाता, मान न वळवता, दार लोटावं तसं. नर्सेस करतात. लादी पुसणारी बाई करते. ऑक्सिजनची नळकांडी बदलायला येणारा माणूस, जो आमचा कोणीच नाही, तोही करतो. आणि दुपारी फोन वाजला तेव्हा मी बोलता बोलता उठले, कोपर लावलं आणि परत येऊन स्टुलावर बसले. बसल्यावर मला समजलं मी काय केलं ते. निरोप काय होता? मला माहीत नव्हतं. जाऊन बघितला तर औषधांच्या दुकानाचा होता. पण खूण पडलेली होती, आणि ती त्या पाळीवर आधी आलेल्या पोरीच्या नावावर पडली होती.

आधी मला हसू आलं. मग आठवलं. त्या दुपारीही मी वॉर्डात होते.

कमिटीला हे सांगायला मी काल लगेच मोठ्या डॉक्टरांकडे गेले. तेच अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, सवय हा पुरावा होत नाही, आणि कंपनीने तर खूण अचूक असल्याचं लिहून दिलंय. तेव्हा आता तुमच्या कंपनीनेच खरं काय ते लिहायला हवं. ते काम तुझं. ज्याने कोणी ते पत्र लिहिलं असेल त्याला मी बघितलेल्या पायऱ्या दाखव आणि दुसरं लिहायला लाव. आढेवेढे घेतले तर मला सांग, मी त्याच्याशी बोलते.

आत्या


२७ मार्च

काल कमिटीने मला जबाबासाठी बोलावलं होतं. तुमच्या कंपनीचं पत्र मोठ्या डॉक्टरांनी माझ्यापुढे सरकवलं. "खूण पडली म्हणजे संबंधित व्यक्तीने निरोप वाचला, याबद्दल शंका घेण्यास जागा नाही."

खाली सही तुझी आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायची तुझी खोड अजून गेलेली नाही.

ज्याने लिहिलं त्याच्याशी मी बोलते असं म्हटलं होतं. काय बोलू ते मला सुचत नाही. बैठक ११ एप्रिलपर्यंत पुढे ढकललीय.


१ एप्रिल

आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र उशाखाली ठेवून झोपायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आता जे झालं ते सरळ सांगते.

ते पत्र मी तुझं दुसरं पत्र यायच्या आदल्या दिवशी लिहिलं. मॅनेजर म्हणाले, एका हॉस्पिटलला खुलासा हवाय, खूण तू केलीस, तूच लिही. हॉस्पिटल तुझं आहे हे मला माहीत होतं. मला ते खरं वाटत होतं, म्हणून मी ते लिहिलं. पण तुला सांगितलं नाही, कारण तू विचारशील की बघितलंस का नीट, आणि मी बघितलेलं नव्हतं. मी फक्त माझं काम पाठ म्हटलं होतं. १८ तारखेच्या पत्रात "मला इथे लिहिता येणार नाही" असं म्हटलं ते कंपनीच्या नियमामुळे नव्हतं. मला लाज वाटत होती.

तुझं कोपराचं पत्र आलं त्या दिवशी मी ऑफिसातल्या चहाच्या खोलीत गेले. बेसिनशेजारी चाचणीचा फोन ठेवला आणि शेजारच्या मैत्रिणीला तातडीचा निरोप टाकायला सांगितलं. फोन ओरडायला लागला. मी बाही सरकवून कोपर लावलं. उघडं कोपर आणि बोट यातला फरक फोनला कळत नाही. खूण पडली. मग मी तिथेच उभी राहून लोकांना येऊ दिलं. माझ्याच टीमचे लोक, ज्यांनी हे बनवलं ते, कपात साखर घालता घालता फोन गप्प करून गेले. एकालाही मी थांबवून विचारलं तर काय निरोप होता ते सांगता आलं नाही. एकजण म्हणाला, "कोणाचा तरी वाजत होता, डोकं उठवलं होतं." वाजत राहण्याची कल्पना माझी. एका स्पर्शात दोन्ही कामं उरकायची हौसही माझीच. फोन जितका जोरात हाक मारणार तितकं माणूस त्याला न वाचता गप्प करणार, हे मला बेसिनजवळ उभं राहिल्यावर कळलं.

मॅनेजरना सगळं करून दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वतः कोपर लावून बघितलं. मग म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, पण लेखी काही द्यायचं नाही. एका हॉस्पिटलला दिलं तर उद्या सगळी हॉस्पिटलं मागच्या सगळ्या खुणा उकरून काढतील. मी म्हटलं, मग उकरू देत, त्या खुणांच्या खालीही कोणीतरी अडकलेलं असेल. त्यांनी मला विचार करायला वेळ घे म्हणून सांगितलं. मला वेळ नको होता. रेडिओला दिलेला वेळ संपत आलाय.

म्हणून मी कमिटीला पत्र लिहिलं आहे. आज रजिस्टर पोस्टाने गेलं. मजकूर तुझ्यासाठी उतरवते:

"निळी खूण एवढंच सांगते की पडद्याला स्पर्श झाला. स्पर्श कोणाचा आणि निरोप वाचला गेला की नाही, हे ती सांगू शकत नाही. फोन एकापेक्षा जास्त माणसं वापरत असतील तर खुणेवरचं नाव निरर्थक आहे. याआधी माझ्या सहीने पाठवलेलं विधान चुकीचं होतं. ते मी मागे घेते. खुणेची रचना माझी आहे, त्यामुळे हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी माझी आहे. हे पत्र कंपनीच्या वतीने नाही."

याची एक प्रत मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी मला ऑफिसचा फोन आणि दाराचं कार्ड जमा करायला सांगितलं. पुढचं कळेपर्यंत घरी बसायचं आहे. म्हणजे काय ते मला समजतं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटतेय, पण पश्चात्ताप होत नाही. पहिल्या पत्राचा होतो.

एक गोष्ट तुझ्यावर सोपवते. नुसतं माझं पत्र वाचून कमिटीला पटेलच असं नाही. बेसिनजवळ उभं राहीपर्यंत मलाही पटलं नव्हतं. त्यांना बघायला लाव.

ठकी


१२ एप्रिल

ठके,

आधी निकाल सांगते, म्हणजे पत्र घाईघाईने चाळणार नाहीस. रेडिओ सुटली. सोमवारपासून कामावर.

आता कसं ते ऐक. तुझं पत्र कमिटीला मिळालं होतं. फाईलच्या तळाशी होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, ही बाई स्वतःच म्हणते की पत्र कंपनीच्या वतीने नाही, वर ती मुख्य नर्सची भाची, तेव्हा याला किती महत्त्व द्यायचं ते बघू. म्हणून ते कंपनीचं, म्हणजे तुझंच, पहिलं पत्र सगळ्यांना वाचून दाखवायला लागले. समोर बाळाची आई बसलेली. रेडिओ भिंतीकडेच्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर.

मी वॉर्डातला फोन बरोबर नेला होता. बैठकीच्या सुरुवातीलाच, दाखवण्यासाठी म्हणून, रेडिओला सगळ्यांसमोर तिच्या नावाने तो उघडायला लावला आणि टेबलावर मोठ्या डॉक्टरांच्या हाताशी ठेवला. बैठक सुरू झाली की थोड्या वेळाने तोच निरोप पुन्हा टाका, असं डॉक्टरबाईंना खाली सांगून ठेवलं होतं. त्या तयार झाल्या कारण त्यांनाही ती खूण रोज टोचतेय. मोठे डॉक्टर "शंका घेण्यास जागा नाही" इथपर्यंत आले आणि फोन कुईंकुईं करायला लागला. ते वाचत राहिले. तो ओरडत राहिला. त्यांनी एका हाताने कागद धरला, दुसऱ्या हाताने न बघता फोन दाबला आणि वाक्य पुरं केलं.

मी म्हटलं, "साहेब, निरोप काय होता?"

ते म्हणाले, "कसला निरोप?"

मी फोन त्यांच्याकडे फिरवला. चार नंबरचं दूध लगेच थांबवा. खाली निळी खूण, आणि नाव भिंतीकडे बसलेल्या रेडिओचं. तिने हातसुद्धा हलवला नव्हता. मोठे डॉक्टर लाल झाले, मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी चष्मा काढला, फाईलच्या तळातून तुझं पत्र बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "स्पर्श कोणाचा हे ती सांगू शकत नाही" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. तुझं पत्र नसतं तर त्यांनी याला योगायोग म्हटलं असतं. ते असल्यामुळे म्हणता आलं नाही. मीही तिथेच सांगून टाकलं, की त्या दुपारी मी वॉर्डात होते आणि ते कोपर माझंही असू शकतं. ते लिहून घेतलं गेलं. त्याचं जे व्हायचं ते होईल, मी उत्तर द्यायला तयार आहे.

रेडिओ रडली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, सिस्टर, तुम्ही माझ्यासाठी एवढं कराल असं वाटलं नव्हतं. मी तिला सांगितलं, सोमवारी वेळेवर ये.

कंपनीने तुझ्याबद्दल काय ठरवलं ते कळव. भाऊला मी सांगितलं. रागावू नकोस. तो पिशवी भरत नाहीये, तो तुझं पत्र शेजाऱ्यांना वाचून दाखवतोय.

पण ठके, मी हे सगळं लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. बैठकीत सगळे उठायला लागले होते. खुर्च्या मागे सरकत होत्या, मलाही जिंकल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात बाळाची आई बोलली. तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. आवाज चढवला नाही, बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हणजे माझ्या मुलीचा निरोप त्या दिवशी कोणीच वाचला नव्हता."

इतके दिवस तिला निदान एक माणूस होतं, रागवायला. वाचून चुकणारं माणूस. तेही आम्ही तिच्याकडून काढून घेतलं. मला खूप वाईट वाटलं, ठके, रेडिओसाठी वाटलं होतं त्याहून जास्त.

तिला काहीतरी गोड बोलून वाटेला लावता आलं असतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "नाही. कोणीच नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग आता कोण वाचणार?"

सध्यापुरतं मी ठरवलंय. दूध आणि औषधाचा निरोप फोनवर घ्यायचा नाही. डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगायचा, नर्सने तो त्यांच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवायचा. डॉक्टरबाईंच्या पायांचे तुकडे पडायला आलेत, हे फार दिवस चालणार नाही. फोन लागणारच. फक्त तो तुमच्या ऑफिसात बसून बनवलेला नको. माझ्या बेसिनपाशी, बाळं झोपलेली असताना, ओल्या हातांच्या बायकांमध्ये उभं राहून बनवलेला हवा. कंपनीने ठेवली तर कंपनीसाठी कर, काढली तर मोठ्या डॉक्टरांशी मी बोलते. काल ते माझं ऐकायच्या मनःस्थितीत होते.

त्या आईला मी म्हटलं, "आम्ही वाचू." हे मी माझ्या एकटीपुरतं बोललेले नाही. तिकीट काढ आणि ये.

तुझी आत्या